पाहुणा जेवत नाही

ह्यांना माती देऊन आम्ही कब्रस्तानातून घरी आलो, तर घरात पाण्याचा थेंब नव्हता. माठ पालथा, पिंप पालथं, हंडे-कळशा अंगणात उन्हाला ठेवलेल्या. आलेल्या माणसांना प्यायला शेजारून तांब्या मागावा लागला.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"म्या," चांगुणा म्हणाली. "मान्सू गेल्यावर घरातलं पानी ठिवत न्हाईत, शिस्टर. वतून दिलं समदं."

चांगुणा आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, कारखाना बंद झाला की मार्चात परत येते. शिस्टर म्हणजे मी, लिडिया. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. रिटायर झाले तरी गल्लीला मी शिस्टरच. 'आमच्यात हे पाळत नाहीत' असं तिला सांगायला तोंड नव्हतं. माझ्या सासूबाई बायबल उशाशी घेऊन निजायच्या, पण कुणी गेलं की माठ त्याच आधी ओतायच्या. आमच्या जामखेडात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. तरी ओतायच्या.

मला काही वाटतच नव्हतं. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी चहात साखर कमी पडलीय का ते बघत होते. प्रार्थना, माझी मुलगी, महिन्याचं बाळ घेऊन पुण्याहून आली होती. बाळाच्या अंगावर उन्हाने पुरळ उठलं म्हणून दुसऱ्याच दिवशी पहाटे मीच तिला गाडीत बसवून परत पाठवलं. ती रडत गेली. मी हात हलवला आणि दार लावलं.

त्याच सकाळी हॉलमधले दोन निळे ड्रम रिकामे दिसले.

ह्यांचं नाव सत्यवान. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. रिटायर झाल्यावर लोक शेत घेतात, गाडी घेतात, ह्यांनी समुद्र घेतला. चार फुटी काचेची टाकी, त्यात पुण्याहून आणलेले खडक, आणि एकच मासा. माणसांना प्यायला गोडं पाणी मिळेना आणि हा बाबा घरात खारं पाणी कालवतो, म्हणून मी रोज तोंड सोडायची. मासा दिसायला देखणा: तळहाताएवढा, पांढऱ्या अंगावर नारिंगी पट्टे, पुढे लांब चोच. त्याचं नाव कॉपरबँड बटरफ्लाय. हे त्याला पाहुणा म्हणायचे. नखरे तसेच. सुकं खाणं तोंडात धरणार नाही. पाणी जरा बिघडलं की कोपऱ्यात रुसून बसणार. कोळंबीचा बारीक तुकडा बोटात धरून पाण्यात हात घालावा लागे, तेव्हा साहेब येऊन चोच मारणार.

एका ड्रममध्ये शुद्ध केलेलं गोडं पाणी असे. उन्हाने टाकीतलं पाणी उडतं पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोज तेवढं गोडं पाणी वर घालायचं. दुसऱ्या ड्रममध्ये समुद्री मीठ कालवलेलं पाणी, रविवारी बदलायला. ते ह्यांनी गुरुवारी सकाळी कालवलं होतं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

चांगुणाने तेही ओतलं होतं. नालीत.

नेमकी ती तेव्हाच दारात आली, हात ओले, पदर खोचलेला. मी जी सुटले! "अगं, डोकं कुठं गहाण टाकलंस? ते प्यायचं पाणी होतं का? ह्यांच्या हातचं शेवटचं पाणी ते, नालीत ओतलंस? मेल्या माणसाचं एवढं भ्या वाटतं तर यायचंच कशाला? चल, नीघ!" गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"पेटीतलं न्हाई वतलं, शिस्टर," ती हळूच म्हणाली. "त्यात जीव हाय." आणि गेली. पुन्हा आली नाही.

त्या दिवसापासून पाहुणा जेवेना.

मी मात्र जेवत होते. शेजारच्या डब्यातली भाकरी, पिठलं, जे येईल ते, वेळेवर. लोकांना ते खटकत होतं. चव कशाचीच लागत नव्हती, पण गोळी गिळावी तसं गिळत होते. मग टाकीसमोर स्टूल घेऊन बसायचे आणि कोळंबीचा तुकडा धरून पाण्यात हात घालायचे. पाहुणा खडकामागून एक डोळा काढून बघायचा आणि परत आत. रविवारी तेच. सोमवारी तेच. मंगळवारी मी त्याला म्हटलं, "मर मग." लगेच जीभ चावली.

कारण तो मेला असता तर ह्यांच्या हातचं, श्वास घेणारं असं घरात काहीच उरणार नव्हतं. एवढं एकच मला कळत होतं.

पुण्याच्या मासेवाल्या रविराजला फोन केला. हे त्याच्याकडूनच सगळं आणायचे. तो म्हणाला, "काकू, ही जात मुळातच नाजूक. पाठीवरचं मांस उतरलं की हातात काही राहत नाही. आज-उद्यात खाल्लं पाहिजे. आणि पाणी किती खाली गेलंय?" चार बोटं गेलं होतं. मे महिना. "मग खारटपणा वाढलाय. गोडं पाणी घाला, पण बोअरचं नको, आणि एकदम नको."

बुधवारी आरओच्या पाण्याचे दोन जार मागवले. पोरगं ओट्यावर ठेवून पळालं. वीस लिटरचा जार, माझे गुडघे गेलेले. मी बराच वेळ त्या जारांकडे बघत उभी राहिले. मग भिंतीवरून हाक मारली, "चांगुणा, जार उचलायला ये."

माफी मागायची मला सवय नाही. तिला ती हाक पुरली. आली, दोन्ही जार एकेक करून कमरेवर आत आणले, आणि मी सांगेन तसं तांब्या-तांब्याने पाणी टाकीत घातलं. मधे मधे मी ह्यांची ती खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी घेऊन, तिच्या काचेवर थेंब टाकून, उजेडाकडे धरून बघत होते. निम्मं पाणी घातलं आणि म्हटलं, बास, बाकीचं संध्याकाळी.

चांगुणा टाकीत वाकून बघत होती. "पाव्हना लईच वाळलाय की."

"जेवत नाही."

"कवापसनं?"

"हे गेल्यापासून. माझ्या हातचं घेत नाही."

ती मोरीत गेली, हात नुसत्या पाण्याने खसाखसा धुतले. मी साबण पुढे केला तर म्हणाली, "साबन न्हाई चालत त्याला." वाटीतला कोळंबीचा तुकडा घेतला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, काचेवर नखाने दोनदा टकटक केलं आणि हात पाण्यात सोडला. उसाच्या पात्यांनी कापलेला, काळा, खरबरीत हात. पाहुणा खडकामागून निघाला, सरळ आला आणि तिच्या बोटातून तुकडा ओढून घेतला.

मग दुसरा. मग तिसरा.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

तिने चौथा तुकडा पुढे केला.

"चांगुणा, मी काय विचारते?"

"गुर्जींनी," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तुमी पुन्याला लेकीच्या बाळातपनाला गेल्त्या तवा. रोज बोलवायचे. म्हनले, मला काय झालं तर ह्याला तुझ्या हाताची सवय पायजे. शनवारी त्याच्यासाठीच आल्ते म्या. तुमी हाकललं."

"काय झालं तर म्हणजे?"

"छातीत दुखायचं त्यांच्या. जिना चढले की बसायचे हितं, ह्याच स्टुलावर. घाम यायचा. नगरला डाक्टरला दाखवून आल्ते. त्यो म्हनला, लगी भरती व्हा. तर हे म्हनले, बाळातपन हुंदे."

मी तीस वर्षं नर्स होते. रविवारी चर्च सुटलं की अर्ध्या गल्लीचं बीपी मी माझ्या ओट्यावर बसून बघते. ह्यांनी कधी हात पुढे केला नाही, आणि मी कधी ओढून घेतला नाही. मी पुण्याहून आले तेव्हा हे वाळलेले दिसले, तर म्हटलं, स्वतःच्या हातचं खाऊन काय होणार?

"बाळ होऊन महिना झाला, चांगुणा. मला का नाही सांगितलं?"

"म्या म्हनले, सांगा. तर म्हनले, आत्ता नको. ती लेकीला टाकून पळत यील. अन्..."

"अन् काय?"

"अन् लई वरडल, म्हनले. सांगतो सवडीनं."

ओरडले असते. घर डोक्यावर घेतलं असतं. बखोट धरून गाडीत घातलं असतं आणि नगरला नेऊन भरती करूनच घरी आले असते. तिथल्या डॉक्टरवरही ओरडले असते, सिस्टरांवरही. आणि आज हे इथे स्टुलावर बसून पाहुण्याला भरवत असते, आणि मी आतून म्हणत असते, त्या माशाचं झालं असेल तर या जेवायला.

मी ओरडायला तोंड उघडलं. सहा दिवस कुठे अडकलं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम आलं, आणि मी टाकीच्या काचेला डोकं टेकून रडले.

चांगुणाचा उजवा हात पाण्यात होता. पाहुणा अजून खात होता, म्हणून तिने तो काढला नाही. डाव्या हाताने तिने मला धरून ठेवलं.