गोदूबाईचा अर्धा राब

त्रेपन्न सालच्या चैत्रात, एका दुपारी मांजर्लीच्या नदीकाठच्या माळावर विमान उतरलं, तेव्हा गोदूबाई आपल्या शेतात राब भाजत होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा अंथरून तो पेटवायचा, हे काम ती लग्न झाल्यापासून तीस वर्षं करत आली होती. पण इकडे धूर वर जातोय आणि तिकडे आभाळातून विमान खाली येतंय, असं तिच्या बापजन्मी घडलं नव्हतं. घागरभर पाणी ओतून तिने राब विझवला आणि माळाकडे पळाली.

विमान लहानसंच, दोन माणसांचं. एक चाक मोडलेलं. आतून विमान स्वतः चालवणारे, अंबरनाथच्या एका कारखान्यातले अधिकारी हेमचंद्र आणि त्यांची बायको मालिनी धडधाकट उतरले. गोदूबाईने दोघांना ताक पाजलं. घरी परतताना मात्र तिला शंका आली. आपल्याच धुराने तर विमान पडलं नसेल?

तिने ही शंका पुतण्याला, म्हणजे गावच्या पोलीसपाटील जयदेवला सांगितली. जयदेव तसा शूर, पण साहेबाची टोपी दिसली की त्याचं शौर्य पातळ व्हायचं. "काकी, तोंड उघडू नको," तो म्हणाला. त्याने राबावर पेंढा पसरला आणि गावाला बजावलं, विचारलं तर सांगायचं, त्या दिवशी कोणी काडीसुद्धा पेटवली नाही. आपल्या माणसाला वाचवायचं म्हटलं की अख्खं गाव एका सुरात बोलतं, मग तो सूर बेसूर का असेना!

आठवड्याने विमानखात्याचे साहेब आले, सोबत हेमचंद्र आणि मालिनी. साहेबांच्या हातात जाडजूड वही होती. त्या विमानाची कुंडलीच ती! नोंदणी कधी झाली, मालक कोण कोण झाले, इंजिन कितीदा उघडलं, कधी काय मोडलं, सगळं तिच्यात. साहेबांनी माळावरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या आणि पेन उघडलं.

"विमान डोंगराकडे तोंड करून उतरलंय. इथे दुपारी वारा नदीकडून येतो. म्हणजे तुम्ही वारा समोरून घ्यायचा सोडून पाठीवर घेऊन उतरलात, म्हणून चाक मोडलं. निष्काळजीपणा असं लिहावं लागेल. तुमचा परवानाही जाईल."

"इंजिन बंद पडलं होतं, साहेब," हेमचंद्र म्हणाले. "खाली धूर दिसला. तो नदीकडे वाहत होता. म्हणजे वारा डोंगराकडचा. म्हणूनच मी तिकडे तोंड केलं. चाक मोडलं ते माळावरच्या दगडाने."

"कसला धूर? गाव म्हणतं, कोणी काही पेटवलंच नाही."

जयदेव पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. हेमचंद्र एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, आणि मालिनीने पदर मुठीत घट्ट धरला होता. ते पाहून गोदूबाईला लख्ख कळलं. आपल्या धुराने यांना पाडलं नव्हतं, वाचवलं होतं. आणि आपण तो धूरच गिळून बसलोय. तिला स्वतःची लाज वाटली.

"साहेब, राब माझा व्हता," ती पुढे होऊन म्हणाली. "काय सजा द्यायची ती द्या." तिने साहेबांना शेतात नेलं आणि राबावरचा पेंढा ओढून काढला. नदीच्या बाजूला राख होती, डोंगराच्या बाजूला पाला तसाच.

"यावरून वारा कसा कळणार?"

"वारा जिकडं जातो, त्या टोकाला पेटवायचा. मग आग वाऱ्याच्या उलटी चालते, सावकाश. माती नीट तापते. त्या दिशी वारा डोंगराचा आला, म्हून मी नदीच्या अंगाना पेटवला. इमान दिसलं नि विझवला. म्हून अर्धाच."

साहेब दोन्ही टोकांना जाऊन वाकून पाहून आले. मग शेताच्या बांधावर वही ठेवून त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "मांजर्ली येथील शेतकरी गोदूबाई यांच्या राबाच्या धुरावरून वारा ओळखून, विमान योग्य दिशेने उतरवले. वैमानिकाचा दोष नाही."

मालिनी गोदूबाईच्या पायाशी वाकली. "मावशी, आम्ही आहोत ते तुमच्यामुळे." हेमचंद्रांनी हात जोडले. तीस वर्षांत गोदूबाईच्या धुराने फक्त शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तिचे डोळे भरून आले.

"मंग साहेब, उरलेला पेटवू का आता?" तिने विचारलं. "पावसाच्या आधी व्हायला हवा."

साहेब हसले. हेमचंद्रांनी कोट काढून मालिनीकडे दिला, चिमूटभर माती उचलून हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते पाहिलं.

"आज वारा नदीकडचा. म्हणजे डोंगराच्या टोकाला पेटवायचा, बरोबर?"

"बराबर," गोदूबाई म्हणाली आणि कनवटीची काड्यापेटी काढून तिने त्यांच्या हातात दिली.