जनरेटर चालू असेपर्यंत

"हात नको लावू त्याले! श्रेयस पाहून राहिला ना!" बंडूसर खेकसले, तशी शाइस्तानं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

श्रेयस पाहतच होता. पाहण्यापलीकडे त्यानं सकाळपासून काही केलं असेल तर ते म्हणजे सर्व्हर बंद करून चालू करणं, आणि तेवढं तर कृषी कार्यालयातला झाडूवालाही करू शकला असता. चालू केलं की वीस मिनिटं सगळं सुरळीत, मग पुन्हा पडद्यावर पांढरं पान. खिडकीबाहेर अख्ख्या अकोला जिल्ह्यातून आलेली रांग. सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही म्हणून तक्रार नोंदवायची आज शेवटची तारीख, आणि पाच वाजता नोंदणी बंद होणार होती.

हा नोंदणीचा प्रोग्राम बंडूसरांच्या जठारपेठेतल्या कंपनीनं बनवला होता. कंपनी म्हणजे साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक कॉर्डलेस फोन. प्रोग्राम लिहिला श्रेयसनं, पुण्यात बसून. श्रेयस मूळचा अमरावतीचाच. चार वर्षांत त्याचं 'मले' झडून 'मला' झालं होतं आणि तेवढ्याच भांडवलावर बंडूसर त्याला तज्ज्ञ म्हणत होते. शाइस्ता पातूरची. तिचे अब्बा इनायतुल्ला पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून भरून देत. मुलगी एमसीए झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर शिरखुर्मा वाटला होता. कंपनीतली तिची दोन वर्षं 'पक्कं करू' अशा नुसत्या तोंडी आश्वासनावर गेली होती.

पण कार्यालयाच्या प्रमुख अनुपमा मॅडम मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हेच काम पुढं अमरावतीला जाणार आहे. ज्याला हा प्रोग्राम आतून कळतो, त्याला मी तिथं पक्की नेमणूक देणार." ते ऐकल्यापासून शाइस्ताला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि आतून तिलाच कळत होतं. प्रोग्रामला डेटाबेसकडं जायला वीस कनेक्शनं होती. पाणपोईवर वीस पेले असावेत तशी. पाणी प्यायचं आणि पेला परत ठेवायचा. पण यादीत एखाद्याचं नाव सापडलं नाही की श्रेयसचा प्रोग्राम मधूनच मागं फिरायचा, आणि पेला परत ठेवायची ओळ खाली तशीच राहून जायची. अशी वीस नावं हुकली की एकविसावा तहानलेला उभा. शाळकरी पोराला शोभणारी चूक.

शाइस्तानं ती मार्चमध्ये, चाचणीच्या वेळीच, बंडूसरांना दाखवली होती. त्यांनी दात कोरत ऐकलं होतं. "अवं, दोन वाजता लाइन जातेच ना रोज? सर्व्हर बंद पडते, लाइन आली की आपोआप नवा होते. मंग काहून डोक्शाले ताप करून राहिली तू?"

भारनियमनाच्या भरवशावर प्रोग्राम चालवणारा हा माणूस स्वतःला उद्योजक म्हणवत होता. इतके दिवस खरंच चाललंही. आज मात्र शेवटची तारीख म्हणून कार्यालयानं जनरेटर आणला होता. लाइन काही जाईना, गर्दी तिप्पट, आणि श्रेयसची अक्कल भरदिवसा उघडी पडली होती.

बारा वाजता त्यानं विसाची मर्यादा शंभर केली. "आता बघा," तो म्हणाला. तासाभरात डेटाबेससकट सगळं झोपलं.

"इथले लोक एकच बटण चारदा दाबतात. असं केल्यावर काय होणार?" तो म्हणाला.

रांगेत पुढं असलेल्या इंदूबाई बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन सकाळपासून उभ्या होत्या. "बटन आमी कुठं दाबलं, बापा? आमाले तं तुमी खिडकीच्या आतबी येऊ नाई देल्लं."

श्रेयसनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बंडूसरांबरोबर जेवायला निघून गेला.

शाइस्तानं फाइल उघडली. परत करायची ओळ 'काही झालं तरी करायचंच' अशा ठिकाणी हलवली, मर्यादा पुन्हा वीस केली, सर्व्हर चालू केला. दहा मिनिटांचं काम. फाइलच्या डोक्यावर लेखक म्हणून श्रेयसचं पूर्ण नाव होतं. रिवाजाप्रमाणं दुरुस्ती करणाऱ्यानं त्याखाली आपलं नाव घालायचं. तिनं घातलं नाही. असल्या घाणीखाली मी सही करू? राहू दे त्याचं पाप त्याच्याच नावावर, असं मनाशी म्हणून तिनं फाइल मिटली. फार बरं वाटलं तिला.

पाचपर्यंत प्रोग्राम एकदाही अडला नाही. मॅडम खूश होऊन आल्या. "कुणी दुरुस्त केलं?"

"श्रेयसनं," बंडूसर म्हणाले. श्रेयस नम्रपणे जमिनीकडं बघत राहिला.

"मी केलं, मॅडम," शाइस्ता म्हणाली.

मॅडमनी फाइल उघडायला लावली. वर एकच नाव होतं. "तुमचं नाव कुठाय?"

"मुद्दामच नाही टाकलं."

"का?"

मनातल्या मनात झोकात वाटलेलं ते वाक्य सगळ्यांदेखत तिच्या जिभेवरून पुढं सरकेना. "असंच," ती म्हणाली. बंडूसर हसले. श्रेयस अमरावतीला गेला.

महिन्याभरानं एका दुपारी जठारपेठेतला फोन वाजला. श्रेयसनं अमरावतीत स्वतःकडची जुनीच प्रत बसवली होती आणि तीही अडली होती. "शाइस्ता, तू त्या दिवशी नेमकं काय केलं होतंस गं?"

"लाइन जाऊ द्या. आपोआप नवं होते," ती म्हणाली, आणि फोन ठेवणार तोच त्याच्यामागून एका बाईचा थकलेला आवाज आला, "नाव निंघून राहिलं का नाई, साहेब?"

शाइस्तानं फोन पुन्हा कानाला लावला. "लिवून घ्या."

ओळ न् ओळ तिनं सांगितली. मागं प्रोग्राम चालू झाल्याचा गलका ऐकू आला.

"थँक्स," श्रेयस म्हणाला.

"थांबा. फाइलच्या वर जा. तुमच्या नावाखाली माहं नाव लिवा. मी थांबते."

मग कीबोर्डचा आवाज यायला लागला. तिच्या नावाची इंग्रजीत सात अक्षरं. ती मोजू लागली. एक. दोन. तीन.

दोन वाजले आणि लाइन गेली. पंखा थांबला, विजेवर चालणारा कॉर्डलेस मेला. शाइस्ता तो तसाच कानाला धरून बराच वेळ बसून राहिली.