मुहूर्ताची फळी

दसऱ्याच्या सकाळी शिवपुत्र मालकांच्या फर्निचरच्या कारखान्यात मुहूर्ताची फळी चिरण्याचा मान दरवर्षीप्रमाणे मानसिंगकडे आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गोल करवतीचे पाते पुजण्यासाठी तिच्यावरचा गार्ड आणि पात्यामागची पोलादी पट्टी काढून ठेवली होती. चिरलेल्या फळीचे दोन भाग पुन्हा पात्यावर मिटू नयेत, एवढेच त्या पट्टीचे काम. आणि फळी उलटी उसळलीच तर तिला अडवणारे दातेरी पंजे गार्डाला जोडलेले होते. मानसिंगने आल्याबरोबर ते बसवायला पाना हातात घेतला होता.

"कुंकू लावलेलं पातं झाकून मुहूर्त करतात का?" मालक म्हणाले. "एकच तर फळी हाय. चिरा, मग बसवा काय ते."

एकच फळी, म्हणून मानसिंगने ऐकले.

कडुनिंबाची फळी हातभर आत गेली आणि करवतीचा सरळ सूर घोगरा झाला. मानसिंगने पाहिले, पात्यामागची चीर मिटत होती. लाकडातला ताण सुटून फळी पात्याला चिमटीत धरू पाहत होती. मागच्या बाजूचे दात खालून वर येत असतात. त्यांनी फळी उचलली, की ती थेट चिरणाऱ्याच्या पोटात यायची. त्याच्या तळहातांखाली ती थरथरू लागली होती.

पुढे ढकलावी, तर चिमटा आवळणार. मागे ओढावी, तर मागचे दात तिला पकडणार. सोडून बाजूला व्हावे, तर बाजूच नव्हती. पूजेला जागा करताना सगळ्या चौकटी त्याच्या डाव्या अंगाला रचल्या होत्या आणि उजवीकडे भिंत होती. फळी टेबलावर दाबून धरायची आणि दुसऱ्या कोणीतरी वीज तोडायची, एवढाच मार्ग उरला होता. स्टार्टर त्याच्या पाठीमागच्या खांबावर होता.

"मालक, बंद करा."

मालक समोरून मोबाईलवर चित्रण करीत होते. "काय?"

"मशीन बंद करा. फळी धरतीय पातं."

"मुहूर्ताची फळी अर्ध्यात थांबवायची? वर्ष वाईट जाईल माझं. दणका द्या की जरा."

"दणका मलाच बसंल."

"काय मानसिंग, दसऱ्याच्या दिवशी असलं बोलता."

मानसिंगच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. खांद्यातून कळा येऊ लागल्या, आणि आपण किती वेळ धरू शकू, हा हिशेब त्याने मनातच थांबवला.

पॉलिशचे काम करणारी कमलम्मा आरतीचे ताट घेऊन उभी होती. ती खांबाकडे निघाली. "मी करते की बंद."

"अक्का, माझ्या मागं येऊ नका," तो मान न वळवता म्हणाला. "सुटली तर तितंच जाईल. दाराजवळचा मेन पाडा."

"मेनला हात लावायचा नाही, कमलम्मा," मालक म्हणाले.

तिने ताट खाली ठेवले. "मग मालक, तुमी या आन धरा ती फळी. मी हितनं ढकला, ढकला म्हणते."

मालक जागचे हलले नाहीत. तिने दाराजवळ जाऊन मेन पाडला.

ट्यूबा विझल्या. पाते मात्र फिरतच होते. वीज तुटल्यावरही ते बराच वेळ आपल्याच वेगाने फिरते, हे मानसिंग जाणून होता. त्याने सगळा भार फळीवर टाकला. फळीने एकदा खालून धडक दिली आणि दबून राहिली. सूर उतरत गेला. दात एकेक करून दिसू लागले. मग एक दात फळीला टेकून थांबला.

मानसिंगला हात उचलता येईनात. कमलम्माने त्याची बोटे एकेक करून फळीवरून सोडवली.

मालक दाराकडे वळले. "आता लावू का मेन? उरलेली चिरून टाका."

"मेन असाच राहू दे," मानसिंग म्हणाला.

"आन मुहूर्त?"

"पट्टी बसंल, गार्ड बसंल, मग."

"त्याला केवढा वेळ?"

मानसिंगने पाना उचलला. तो हातातून निसटून भुशात पडला.

"ही बोटं मिटायला लागली, की सांगतो," तो म्हणाला.