परत न आलेल्या ताटल्या

ओकजिनबाई गुर्येचं घर बंद करून इन्चॉनला मुलाकडे राहायला आल्या, त्या दिवशी चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आधी भाताचा कुकर गेला आणि मग ओकजिनबाई. रीतच आहे तशी. पण या घरात मान कोणाचा, ते बाईंना पहिल्याच दिवशी कळलं.

मुहूर्त मात्र चोख होता. भुताखेतांचा वावर नसलेला दिवस बाईंनी पंचांगात बघून काढला होता. सामानवाल्यांनी त्या दिवसाचे जास्त पैसे लावले. त्यांचा भुतांवर विश्वास नसेल, पण पंचांग त्यांना तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या शेजाऱ्यांना रीतीप्रमाणे वाटायला तांदळाच्या पिठाचा तोक वाफवला, त्यावर लाल कडधान्याचा जाड थर दिला आणि आईच्या रुखवतातल्या, निळ्या बगळ्याच्या पाच ताटल्या बाहेर काढल्या. मजल्यावर त्यांचं सोडून पाचच दारं होती.

"आई, हवंच असेल तर कागदी डिशमध्ये दे," ग्यूसिक म्हणाला. "इथे कुणी दारसुद्धा उघडत नाही."

"कागदी डिश परत कोण आणून देईल?"

"कुणीच नाही. तोच तर फायदा आहे."

मुलगा शहरात शिकून काय शिकला, ते बाईंच्या लक्षात आलं. गुर्येत शेजारची ताटली रिकामी परत करणारीला सात गावं नावं ठेवत. दोन मुळे का असेनात, पण ठेवायचेच. बाईंनी मुलाला ठणकावून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत एक ताटली जरी भरून परत आली, तर मी इथे राहीन. नाही आली, तर शनिवारच्या बसने मी चालले. गुर्येच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेलाच आहे."

पहिल्या दारातल्या यंत्रातून आवाज आला, "आम्ही चर्चला जातो, आम्हाला आधीच देव आहे."

"मलाही आहे," बाई म्हणाल्या. "मी तोक आणलाय."

"असंच म्हणतात सगळे!" दार काही उघडलं नाही. ताटली उंबऱ्याशी ठेवून बाई पुढे गेल्या. दुसऱ्या दारात अर्ध्या चड्डीतल्या तरुणाने ताटली घेतली आणि म्हणाला, "पैसे ॲपवर भरलेत हं मी." तिसऱ्या दारातल्या बाईने वाकून नमस्कार केला, दहादा आभार मानले आणि नाव न विचारता दार लावलं. उरलेल्या दोन दारांशी बाईंनी ताटल्या ठेवल्या आणि त्या घरी आल्या. कान मात्र दारावरच होते.

मंगळवार गेला, बुधवार गेला. बेल वाजली की बाई केस सारखे करून धावायच्या. बाहेर सुनेचं पार्सल असायचं. सूनबाई, हेरान, रोज काहीतरी मागवायची. या दाराला सगळं जग ओळखत होतं, फक्त शेजारी सोडून.

"आई, त्यांना रीत माहीत नसेल," हेरान म्हणाली.

"ताटली ठेवून घ्यायची रीत बरी माहीत आहे!" असं म्हणून बाई खोलीत गेल्या आणि बॅगेत कपडे भरू लागल्या. त्यांना रडू येत होतं. ताटल्यांसाठी येत होतं असं त्यांनी स्वतःला सांगितलं, कारण माणसांसाठी रडायचं तर आधी ओळख हवी.

शुक्रवारी दुपारी ग्यूसिक सुट्टी घेऊन घरी थांबला. तिकीट काढलेलं होतं. आईला निरोपाचं जेवण म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या चिनी खाणावळीतून काळ्या रश्श्याच्या शेवया मागवल्या. खाणावळीचा मालक, म्हातारा गोक, अजूनही खऱ्या वाडग्यांत जेवण पाठवायचा आणि संध्याकाळी दाराबाहेरचे उष्टे वाडगे स्वतः गोळा करायचा. त्याने टेबलावर शेवया मांडल्या, बाजूला पिवळ्या मुळ्याच्या चकत्या ठेवल्या.

चकत्यांखालून एक निळा बगळा बाईंकडे बघत होता.

"चोर!" बाई ओरडल्या. "माझ्या आईच्या ताटलीत मला मुळा वाढतोस?"

गोकच्या हातातला जेवणाचा डबा सुटला. "ताई, देवाशपथ, या तुमच्या मजल्यावरच मिळाल्या! पाचही दारांबाहेर, खाऊन चाटूनपुसून ठेवलेल्या. मला वाटलं आमच्याच खाणावळीच्या. बायको म्हणालीसुद्धा, एवढ्या चांगल्या ताटल्या आपण कधी घेतल्या!"

ग्यूसिकने कपाळावर हात मारला. "आई, इथे जेवण झालं की भांडं दाराबाहेर ठेवतात. हॉटेलवाला उचलून नेतो."

म्हणजे शेजाऱ्यांनी तोक खाल्ला होता, पाचही घरांनी! आणि गुर्येच्या ओकजिनबाईंना त्यांनी पार्सलवाली समजून वाटेला लावलं होतं. चोरी झाली असती तर बरं, असं बाईंना वाटलं. चोर निदान वस्तूची किंमत तरी करतो.

"बसची वेळ काय म्हणालास?" त्यांनी मुलाला विचारलं.

तासाभराने बेल वाजली. बाई उठल्या नाहीत. हेरानने दार उघडलं. गोक उरलेल्या चारही ताटल्या घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला होता. वर त्याच्या खाणावळीची कडेला टवका गेलेली हिरवी प्लास्टिकची ताटली होती आणि तिच्यात वाफाळत्या तळलेल्या मांदूंची, सारण भरलेल्या करंज्यांसारख्या, चळत.

"रिकाम्या हाताने कसा येऊ, ताई? माझी आई चीनमधल्या शांतुंगहून इथे आली तेव्हा ती दारोदार पाव वाटत फिरली होती. तिचीही एक ताटली अजून यायची आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या ऑर्डरी आहेत म्हणून लिफ्टकडे पळाला.

बाईंनी एक मांदू खाल्लं. "तेल किती! पीठही जाड." मग दुसरं खाल्लं. चळत संपेपर्यंत त्या नावं ठेवत होत्या, आणि मुलाला किंवा सुनेला एकही मिळालं नाही.

ग्यूसिक हळूच म्हणाला, "पण आई, तुझी ताटली काही भरून आली नाही. ही त्याची आहे. पैज तूच जिंकलीस. उद्या सकाळी निघायचं ना?"

बाईंनी रिकाम्या हिरव्या ताटलीकडे बघितलं, मग मुलाकडे.

"शहरात राहून अक्कल गेली का तुझी? लोकांची ताटली घरात पडली असताना मी जाऊ कशी?" त्यांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "लोणच्याला कोबी आण. दोन गड्डे आण. आणि ते तिकीट कोणाला हवं असेल तर देऊन टाक."