थंडी वरून येते

हेमनलिनी तीन दिवस बहिणीकडे नबद्वीपला निघाली, तेव्हा गादी-दुलईच्या कापसाची जबाबदारी नवऱ्याच्या, अनादिबाबूंच्या गळ्यात पडली. अनादिबाबू कृष्णनगरच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण अंथरूण-पांघरुणाच्या वाटेला कधी गेले नव्हते. लेक टुकुन आणि जावई सौमेन शनिवारी यायचे होते.

"पिंजारी आला की गादी आणि दुलई दोन्ही पिंजून घ्या," हेमनलिनीने बजावलं. "तो सांगेल तसं करा. आपलं डोकं चालवू नका."

दुसऱ्याच दिवशी गल्लीत धनुकलीचा टणत्कार घुमला. दरभंग्याचा रमजान पिंजारी दरवर्षी थंडीच्या तोंडावर यायचा. त्याने दोन्हींचा कापूस पिंजून दोन ढीग घातले. एक मोठा, जाडाभरडा. दुसरा लहान, सायीसारखा मऊ.

"बाबू, मोठा ढीग गादीत आणि हा हलका दुलईत."

अनादिबाबूंनी चष्मा वर सरकवला. "असं कसं? थंडी वरून येते की खालून?"

"वरून, बाबू, पण..."

"मग जास्त कापूस वर नको?"

रमजानने कपाळाला हात लावला. "मालकीणबाई काय म्हणतील?"

"मालकीणबाईंना भूगोल येत नाही."

रमजानने मुकाट्याने लाल दुलईत मोठा ढीग कोंबला आणि वर टाके घातले. दुलई टम्म फुगली. गादी मात्र पापडासारखी झाली.

शनिवारी हेमनलिनी परतली ती लेक-जावयाच्या सोबतच. स्वयंपाकाच्या गडबडीत पाहुण्यांची खोली अनादिबाबूंनीच लावली, मोठ्या हौसेने.

सकाळी सौमेन चहाला आला तो कमरेवर हात ठेवून.

"झोप लागली ना, जावईबापू?" हेमनलिनीने विचारलं.

"लागली, मा," जावई भिडस्त. "फक्त कूस बदलता आली नाही."

टुकुन हसत सुटली. "खोटं बोलतोय! पहाटे मी पाय धरून बाहेर ओढलं याला. वर म्हैस बसल्यागत झालं होतं, आणि खाली नुसत्या फळ्या!"

हेमनलिनी खोलीत गेली. दुलईचं एक टोक उचलायला गेली, ते उचलेना. ती तशीच मांडी घालून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो मास्तर, ऊब कापसाच्या वजनात नसते. तो फुललेला असला की त्यात हवा अडकते, तीच ऊब! गादीचा कापूस दबून अंगाला आधार देतो. भूगोलात हवा शिकवली ना तुम्ही?"

अनादिबाबू उठले. चपला घालून ते स्वतःच रमजानला शोधायला बाजारात गेले. रमजान त्यांना पाहताच धनुकली खांद्यावर टाकून उठला. "मी वाटच पाहत होतो, बाबू. कच्चेच टाके घातलेत."

दुपारी सगळं घर गच्चीवर होतं. सौमेनने हट्टाने धनुकली हातात घेतली, आणि पहिल्याच फटक्यात त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. टुकुन मुरमुऱ्यांची परडी घेऊन आली. अनादिबाबू हलक्या ढिगाशी उकिडवे बसून रमजानला बारीक-सारीक विचारत होते, आणि या वेळी उत्तर पुरतं ऐकूनही घेत होते.