नारळ कोणाच्या हातचा

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आगरदांड्याच्या शिवदासकाकांनी मनाशी ठरवून टाकलं, उद्या दर्याला नारळ आपल्या मुलाच्या, विनेशच्या हातून द्यायचा. ज्याची होडी, त्याच्या हातचा नारळ, हा गावचा रिवाज. म्हणजे एक शब्दही न बोलता होडी पोराची झाली असती.

पण होडी काकांची होती कुठे? चौदा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ सदा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळला, तेव्हा होडी त्याने यांच्या नावावर केली. म्हणाला, "माझी पोर, पूर्वी, मोठी होईतो सांभाळ. होडी तिचीच हाय." ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी काका नारळ पूर्वीच्याच हातात देत आले. लोकांना वाटे, पुतणीचे लाड.

ती पूर्वी आता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. काका होडीला रंग देत होते आणि ही होडीतच बसून परीक्षेचं घोकत होती.

"काय गे बाय एवढं?"

"विश्वस्त कायदा, काका. वस्तू एकाच्या नावावर, पण सांभाळायची दुसऱ्यासाठी. इंग्लंडात कागदावरचा मालक एक आणि खरा हक्कदार दुसरा, असं चालतं."

काकांचा ब्रश थांबला. "सगल्या देशात?"

"छे! फ्रान्समध्ये मुळात एका वस्तूला एकच मालक. आता दुसऱ्यासाठी सांभाळायचा करार करता येतो, पण तो लेखी हवा. कागद नाही, तर ज्याचं नाव त्याची वस्तू."

"शाना देश हाय," काका मनापासून म्हणाले. "मासली खातात काय तिथं?"

"भरपूर."

"मंग झालं तर!"

"आपण मात्र इंग्लंडच्या वाटेनं जातो. होडीसारखी वस्तू असेल तर तोंडी शब्दही पुरतो."

"आनि तो ऐकनाराच कोन नसला तर?"

"मग सांभाळणाऱ्याचं वागणं बघायचं. तो स्वतः ती वस्तू कोणाची मानत आला ते."

काकांना एकदम चौदा नारळ आठवले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळे वाजतगाजत जेट्टीवर पोचले. नवा शर्ट घातलेल्या विनेशने हात पुढे केला. काकांनी नारळ पूर्वीच्या हातात ठेवला आणि बँडवाल्यांना थांबवलं.

"ऐका रे सगले! ही होडी सदाच्या पोरीची हाय. मी नुसता सांभालत व्हतो."

विनेशचा चेहरा उतरला. काकांनी ते पाहिलं, पण शब्द मागे घेतला नाही.

पूर्वीचे डोळे भरून आले. "मी मोठी होऊन चार वर्षं झाली, काका. मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

काकांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"फ्रान्सात व्हतो गे बाय," ते म्हणाले. "कालच आलो."