जिभेवरचं कुलूप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका जाडजूड गृहस्थांनी नुकताच साखरेचा चमचा तोंडात रिकामा केला होता आणि आता ते थू थू करत ओरडत होते, "वाळू! अहो, नुसती वाळू!" टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठावर गोडहारक दादाजी डोळे मिटून मंद हसले. अशा हसण्याचा त्यांना चांगलाच सराव असावा.

"गोड हा चोर आहे, बाळांनो!" दादाजी म्हणाले. "तो जिभेच्या दारातून शिरतो आणि रक्तात ठाण मांडतो. मी ते दारच बंद करतो!"

चोर आधीच आत बसला असेल तर दार बंद करून काय उपयोग, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोक रांगेत एकमेकांना ढकलत होते. त्याच रांगेत आत्याचा पदर घट्ट धरून मुंगी उभी होती.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी हरवली की साखरेच्या डब्यापाशी सापडायची, म्हणून. मग तिला मधुमेह निघाला. आता डबा वरच्या फळीवर गेला होता आणि रोज इंजेक्शनं सुरू झाली होती. गोडाची इच्छा मात्र फळीवर गेली नव्हती. दुसऱ्यांच्या डब्यातला केक बघून मुंगीच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटायची.

दादाजींनी बोटाने तिच्या जिभेवर हिरवट, कडवट भुकटी चोळली. काहीतरी पुटपुटले. मग साखर दिली. मुंगीने दाताखाली कणी फोडली आणि दचकली. खरंच वाळू! चवच नाही!

"रोग गेला," दादाजी म्हणाले. "आता सुई नको, यंत्रावर बोट नको. मोजणं म्हणजे शंका! आणि घरी चाखून बघायचं नाही. चाखलंस, तर गेलेला रोग घरातल्या दुसऱ्या माणसावर बसेल. जीव घेऊनच उठेल."

एवढं सांगून ते पुढच्या माणसाकडे वळले. मुंगीने आत्याचा पदर आणखी घट्ट धरला.

घरी आत्याने सगळं रंगवून सांगितलं. मुंगीचे बाबा कुलपं दुरुस्त करायचे. एरवी कसलंही कुलूप सहज उघडणारे त्यांचे हात लेकीला सुई टोचताना लटपटायचे. मुंगीची आई गेल्यापासून तर जास्तच. सुई नको, हे ऐकल्यावर त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. इंजेक्शनं फ्रिजमध्ये मागे सरकली, रक्तातली साखर मोजायचं यंत्र कपाटात गेलं.

त्याच संध्याकाळी आत्याच्या हातून ओट्यावर साखर सांडली. मुंगीने बोट टेकवलं. फक्त बघायला, वाळूच आहे ना. बोट जिभेला लावलं.

गोड! पूर्वीइतकीच गोड!

तिने घाईघाईने बोट फ्रॉकला पुसलं. बाहेरच्या खोलीत बाबा शिंकले. झालं, मुंगीला वाटलं, रोग बसला. रात्रभर ती बाबांच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिला तहान लागली. कितीही पाणी प्यायली तरी घसा कोरडाच. सारखी लघवीला पळायची. मग पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या. आत्याने तिला जवळ घेतलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे, हिच्या श्वासाला वास बघ, पिकलेल्या फळासारखा! दादाजी म्हणालेच होते, गोड अंगातून बाहेर पडताना वास येईल. निघतंय सगळं!"

बाबांनी मान डोलावली, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही.

शाळेत जायचं त्राण नव्हतं. आत्या सकाळपासून दादाजींच्या सेवेला गेलेली. म्हणून बाबांनी मुंगीला दुकानात नेऊन बाकावर झोपवलं. तेवढ्यात एक आजीबाई कपाटाचं कुलूप न्यायला आल्या.

"झालंय," बाबा म्हणाले. "किल्ली फिरवून बघा."

"तुमच्यावर विश्वास आहे हो!"

"विश्वास माझ्यावर ठेवा, आजी, कुलपावर ठेवू नका. फिरवा. आणखी एकदा."

ही बाबांची रोजची सवय. गिऱ्हाइकाने स्वतः किल्ली फिरवून बघेपर्यंत ते काम झालं म्हणत नसत.

आजीबाई गेल्या. बाकावरून बारीक आवाज आला.

"बाबा, तुम्ही माझी किल्ली फिरवून बघितलीच नाहीत."

"काय गं?"

"मी बघितली. साखर चाखली. गोड लागली." मुंगीला धाप लागली होती आणि ती रडत होती. "आता तुम्ही मरणार. मला सांगायचं होतं, पण भीती वाटली."

बाबा गुडघ्यांवर बसले. लेकीचा तो खोल, भराभर चालणारा श्वास त्यांच्या तोंडावर आला आणि त्या गोडसर वासाने त्यांच्या अंगावर काटा आला. दुकान उघडं टाकून, तिला उचलून ते धावत सुटले.

दवाखान्यात सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. मुंगीचा श्वास जरा संथ झाल्यावर डॉक्टरबाईंनी बाप आणि निरोप मिळताच धावत आलेली आत्या, दोघांना फैलावर घेतलं.

"तो वास म्हणजे धोक्याची घंटा होती! इन्सुलिनशिवाय शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं आणि रक्तात विष साठतं. आज संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर…"

आत्याने पदरात तोंड लपवलं. "पण साखर वाळूसारखी लागली, मी डोळ्यांनी बघितलं."

"लागणारच. गुडमार नावाची वेल असते. तिचं पान चघळलं किंवा पानाची भुकटी चोळली की जिभेला गोड कळत नाही. अर्धा तास, फार तर तासभर. खारट, आंबट सगळं कळतं, फक्त गोड नाही. पण रक्तातली साखर काही जिभेला विचारून वाढत नाही!"

"बाबांना काही होणार नाही ना?" मुंगीने विचारलं.

"मधुमेह असा उडी मारत नाही, राणी. तू चाखलंस म्हणून तर वाचलीस."

दादाजींच्या पुढच्या सभेत बाबा पहिल्या रांगेत होते. शेजारी डॉक्टरबाई. भुकटी चोळून झाली, साखरेची वाळू झाली, टाळ्या झाल्या. लोक उठायला लागले, तसे बाबा दाराशी उभे राहिले.

"घाई करू नका, मंडळी. तासभर बसू या. मग हीच साखर पुन्हा खाऊ."

"शंका!" दादाजी कडाडले. "घरात मरण येईल!"

लोक चरकले. बाबा दारातून हलले नाहीत. "माझ्या लेकीने चाखली. मी जिवंत आहे. मरत होती ती, कारण मी तिचं औषध बंद केलं होतं."

काही लोक बसले, त्यांचं बघून बाकीचेही बसले. दादाजी थोड्या वेळाने पाणी प्यायला म्हणून आत गेले ते मागच्या दाराने चपला हातात घेऊन पसार झाले. तासाभराने त्या जाडजूड गृहस्थांनीच पहिला चमचा तोंडात घातला.

"गोड आहे," ते पुटपुटले. या वेळी टाळी पडली नाही. मग मागून एक बाई किंचाळत उठली, "अहो, मी यांच्या गोळ्या फेकून दिल्या!" आणि दाराकडे धावली. तिच्यामागे आणखी कितीतरी जण धावले.

लोकहो, जो माणूस तुम्हाला तपासून बघू नका म्हणतो, त्याला आधी तपासा. त्याच्या शापाला भिऊ नका, बंद केलेल्या औषधाला भ्या. आणि गोड खावंसं वाटलं तर लाजू नका. ते मोकळेपणी डॉक्टरांशी बोला.

मुंगीला अजूनही केक बघून तोंडाला पाणी सुटतं. पण आता ती घाबरत नाही, बाबांना सांगते. मग दोघं मिळून यंत्रावर आकडा बघतात आणि काय, किती खायचं ते ठरवतात. इंजेक्शन देताना बाबांचे हात अजून थोडे लटपटतात.

"टोचा हो," ती म्हणते. "मी बघतेय."